विरोधात एक

रुपेश शर्टाच्या कॉलरवर इस्त्री दाबत होता, तेवढ्यात अनिरुद्धचा फोन आला. त्याने इस्त्री उभी करून ठेवली, फोन स्पीकरवर टाकला, आणि मग काय वाटलं कोण जाणे, स्पीकर बंद करून तो गॅलरीत गेला. आखातातल्या हूरा वस्तीमधल्या त्या इमारतीची गॅलरी म्हणजे एक माणूस आणि कपडे वाळत घालायचा एक स्टँड मावेल एवढीच. खाली कोणीतरी पार्किंगसाठी हॉर्न वाजवत बसलं होतं.

"जय भीम, रुपेश. एकटा आहेस ना?"

"जय भीम. बोला ना, भाऊ."

"उद्याच्या मीटिंगचं बोलायचं होतं. लहूकाकांना काढायचा ठराव मी मांडतोय. पण या वेळी अनुमोदन तू देऊ नकोस. अश्विनी देईल."

रुपेशने गॅलरीचं दार ओढून घेतलं. बाबासाहेबांची जयंती करणाऱ्या इथल्या मंडळात ठराव अनिरुद्धने मांडायचा आणि अनुमोदन रुपेशने द्यायचं, ही वहिवाट होती. अनिरुद्ध अध्यक्ष झाला तेव्हापासूनची. रुपेश कोणाशी भांडलेला कोणी पाहिलं नव्हतं. ह्याचंही बरोबर, त्याचंही बरोबर, असं म्हणत तो सगळ्यांच्या घरी चहा पिऊन आलेला असे. त्यामुळे त्याने 'अनुमोदन' म्हटलं की ठराव वाईट असूच शकत नाही, असा लोकांचा समज झाला होता, आणि हा समज अनिरुद्धच्या फार उपयोगाचा होता.

"काकांनी तुला इथे आणलं, हे मला माहीत नाही का?" अनिरुद्ध म्हणाला. "मी काय दगड आहे? तू विरोधात हात वर कर. बिनधास्त कर. तुझ्या एका हातानं काही अडत नाही."

"विरोधात?"

"हो. तुझंही मन राहील, काकांनाही बरं वाटेल. फक्त बोलायचं नाही. तू बोललास की सोनकांबळे बंधू हलतात, आणि ते हलले की माझं गणित बिघडतं. हात वर, तोंड बंद. चालेल ना?"

"चालेल," रुपेश म्हणाला.

फोन ठेवल्यावर त्याला काय वाटलं, तर हायसं वाटलं. तेच आधी सांगायला हवं. पंधरा दिवस त्याला एकच धास्ती होती. लहूकाकांना मंडळातून काढायच्या ठरावाला त्याला अनुमोदन द्यावं लागणार होतं, आणि नाही म्हणायची त्याच्यात धमक नव्हती. अनिरुद्ध त्याच्याच कंपनीत ॲडमिनला होता. रुपेशच्या बायकोची, संघप्रियाची, पेरोलमधली नोकरी त्याच्याच शब्दावर झाली होती. शिवाय रुपेश ज्या माणसाबरोबर इतकी वर्षं बसला-उठला, त्याच्या विरोधात चारचौघांत उभं राहायचं म्हणजे घराची भिंत काढल्यासारखं झालं असतं. आता काहीच काढायला नको होतं.

काकांचा गुन्हा एवढाच, की ते बोलले होते. जयंतीला मुंबईहून एक पुढारी प्रमुख पाहुणा म्हणून यायचा होता. त्या गृहस्थाने आयुष्यात तीनदा गट बदलला होता आणि दर वेळी समाजाच्या भल्यासाठीच बदलला होता. मागच्या बैठकीत काका उठून म्हणाले होते, "ह्याच्या गळ्यात हार पडणार असंल, तर तो मी नाही घालणार. आन् कोणी घातला तर मी खुर्ची फिरवून बसंन." अनिरुद्धने ते हसण्यावारी नेलं नाही. जूनमध्ये काका नोकरी संपवून कायमचे परभणीला परतणार होते, म्हणजे ही त्यांची इथली शेवटची जयंती. ती त्यांनी मंचावर उभं राहून करायची की घरी बसून, हे आता ठरायचं होतं.

रुपेश आत आला. जेवणाच्या टेबलावर त्याची मुलगी मृणाली कागद पसरून बसली होती आणि पेन्सिलीच्या टोकाने टेबलावर टकटक करत होती. ती अकरावीत होती. मराठी तिला सगळं समजायचं, पण उत्तर इंग्रजीत यायचं. चिडली की मात्र मराठीत उतरायची.

"झालं का भाषण?"

"देअर इज नो भाषण."

शाळेत उद्या अमेरिकेची लुटुपुटीची सिनेट भरणार होती. शंभर सिनेटर कुठून आणायचे, म्हणून वीस मुलांवर भागवलं होतं. मृणालीच्या वाट्याला आली होती बहुमतवाल्या पक्षातली एक मॉडरेट सिनेटर, कुठल्याशा लहान, थंड राज्यातली. ठराव होता खेड्यापाड्यांतल्या छोट्या हॉस्पिटलांची सरकारी मदत बंद करण्याचा. गेले आठ दिवस ती लॅपटॉपवर अमेरिकेतल्या सभागृहांच्या चित्रफिती बघत होती आणि घरात चालताना स्वतःशीच वाद घालत होती.

"मॉडरेट म्हणजे नेमकं काय गं?" रुपेशने इस्त्री हातात घेत विचारलं.

"टीव्हीवर सांगायचं, आय ॲम डीपली कन्सर्न्ड. मग जाऊन पार्टीबरोबर व्होट करायचं." तिने मान वर केली. "पप्पा, मॉडरेट म्हणजे तुम्ही."

तो हसला. तीही हसली, पण जरा कमी.

"मग तू पण पार्टीबरोबरच का?"

"तौकीरने मला रिलीज केलंय." तौकीर म्हणजे तिच्या वर्गातला मुलगा, तिच्या पक्षाचा नेता. "त्यांच्याकडे व्होट्स आहेत. पुरेसे असले की लीडर एक-दोघांना सोडतो. ज्यांच्या राज्यात लोक चिडतील, त्यांना. जा, नो म्हण, घरी जाऊन सांग की मी लढले. बिल तर पास होतंच. खरंच करतात असं अमेरिकेत, सरांनी सांगितलं. फक्त भाषण करायचं नाही. मी बोलले तर अजून दोघं फुटतील म्हणे."

रुपेशने एकच बाही दुसऱ्यांदा इस्त्री केली.

"मग त्यात वाईट काय आहे?" तो म्हणाला. "तुझा नो तर राहतोच की."

"पण काय उपयोग आहे त्याचा?" मृणाली मराठीत उतरली. "फुकटचा आहे तो! लागतो तेव्हा द्यायचा नाही, आणि लागत नाही तेव्हा द्यायचा. मग लोकांनी मला चांगलं म्हणायचं."

"माणसं सांभाळावी लागतात, बेटा. उद्या त्याच वर्गात बसायचंय तुला."

तिने बापाकडे पाहिलं, आणि ती कागद गोळा करायला लागली.

संघप्रिया कामावरून आली ती चपला काढता काढताच म्हणाली, "अहो, उद्या काकांचा विषय आहे ना? तुम्ही नाही ना अनुमोदन देणार?"

"नाही."

"मग?"

"विरोधात हात वर करणार आहे."

संघप्रिया जागच्या जागी थांबली. तिच्या डोळ्यांत जे समाधान दिसलं ते त्याला किती दिवसांपासून हवं होतं, आणि आता मिळालं तर पचत नव्हतं. ती आत जाऊन गोड काहीतरी करायला लागली. त्याने इस्त्रीचा प्लग काढला आणि उगाचच पुन्हा लावला.

दुसऱ्या दिवशी त्याचं काम बुदैयाला होतं. एका व्हिलातले एसी नीट चालत नव्हते. एरवी तो सुपरवायझर म्हणून मुलांच्या मागे उभा राहायचा. आज स्वतः शिडीवर चढला, चुकीचा ब्रेकर पाडला आणि सगळ्या घराची वीज घालवली. आतून बाई ओरडली. त्याने माफी मागितली, ब्रेकर वर केला, आणि खाली उतरून गाडीत जाऊन बसला. बसवेना म्हणून परत उतरला.

त्याला नईम वस्तीतली, इथे आल्यावरची ती पहिली खोली आठवत होती. विमानतळावर काका स्वतःचं जाकीट घेऊन आले होते, कारण जानेवारीत इथे थंडी असते हे रुपेशला कोणी सांगितलंच नव्हतं. खोलीत सहा खाटा होत्या आणि सातवा माणूस रुपेश. काकांनी आपली खाट त्याला दिली आणि उन्हाळा लागेपर्यंत ते खाली झोपले. पहिली जयंती त्याच खोलीत झाली, पडदे ओढून, हळू आवाजात. काका इलेक्ट्रिशियन. त्यांनी प्लायवूडची गोल फळी कापून तिच्यावर चोवीस आऱ्यांचं चक्र काढलं होतं आणि प्रत्येक आऱ्यावर निळे बल्ब बसवले होते. बटण दाबल्यावर ते लागलं तेव्हा सगळे खाटांवरून उठून उभे राहिले होते. दर वर्षी ते चक्र मंचावर मागे असायचं. बल्ब गेले की काका बदलायचे.

'मी विरोधातच तर हात वर करणार आहे,' रुपेशने मनाला सांगितलं. मनाने ऐकून घेतलं आणि पुन्हा चुळबुळ सुरू केली.

संध्याकाळी बैठक हूरामधल्या एका हॉटेलच्या वरच्या खोलीत होती. टेबलावर बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्ती. लहूकाका नेहमीप्रमाणे पुढे उभे राहिले आणि त्यांनी त्रिशरण-पंचशील सुरू केलं. वर्षानुवर्षं ते काकाच म्हणवून घेत. आज ते दुसऱ्याला सांगायचं कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. ज्याला काढायचं त्याच्याच मागून सगळ्यांनी हात जोडून पंचशील म्हटलं. काकांचा आवाज कापला नाही. रुपेश मात्र एका ओळीत मागे राहिला.

अनिरुद्धने ठराव वाचला. आदरणीय लहूकाकांनी प्रमुख पाहुण्यांबद्दल जाहीर अपशब्द वापरले, मंडळाची शिस्त मोडली. सबब त्यांचं सदस्यत्व रद्द करावं आणि जयंतीच्या मंचावर त्यांना स्थान देऊ नये. पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी सर्वसाधारण सभेत त्यावर शिक्कामोर्तब होईल.

"सूचक मी," अनिरुद्ध म्हणाला. "अनुमोदन?"

सगळ्या माना सवयीने रुपेशकडे वळल्या. काकांचीही.

रुपेश टेबलाच्या कडेकडे बघत राहिला. खोलीत एसीचा आवाज तेवढा येत होता, आणि त्यातही त्याला पंख्याचं बेअरिंग घासतंय हे ऐकू येत होतं. शेवटी अश्विनी घसा साफ करून म्हणाली, "अनुमोदन." लोक एकमेकांकडे बघू लागले.

"ठरावाच्या विरोधात कोणी? काकांचं स्वतःचं मत यात धरता येत नाही."

रुपेशने हात वर केला.

कोणीतरी 'अरे' म्हणालं. सोनकांबळे बंधू परभणीकडचेच, काकांच्या तालुक्यातले. त्यातला थोरला खुर्चीत पुढे सरकला. त्याचा हात मांडीवरून अर्धा उठला होता. तो रुपेशच्या तोंडाकडे बघत होता. धाकटा थोरल्याकडे बघत होता. एक वाक्य पुरलं असतं. 'काकांनी आपल्याला काय केलं ते आठवा,' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"रुपेश, काही बोलायचंय?" अनिरुद्धने विचारलं. अगदी प्रेमाने विचारलं.

"नाही," रुपेश म्हणाला. "माझा विरोध नोंदवा, बस्स."

थोरल्याचा हात पुन्हा मांडीवर गेला.

"विरोधात एक," अनिरुद्ध म्हणाला. "बाजूने बाकी सगळे. ठराव मंजूर." मग त्याने रुपेशच्या खांद्यावर हात ठेवला आणि खोलीभर ऐकू जाईल असं म्हटलं, "मतभेद असावेत, मनभेद नसावेत. मंडळाला असाच माणूस पाहिजे. यल्ला, चला, चहा मागवा." काही जणांनी टाळ्या वाजवल्या. लहूकाकांनी पिशवी उचलली, दारात थांबून सगळ्यांना जय भीम घातला, आणि रुपेशकडे जरा जास्त वेळ बघून ते जिना उतरले.

घरी मृणाली ताट पुढे घेऊन बसली होती आणि भात चिवडत होती. संघप्रियाने खुणेनं सांगितलं, काहीतरी झालंय.

"काय गं, सिनेट कशी झाली?"

"मी बोलले," मृणाली म्हणाली. मराठीत म्हणाली.

"मग?"

"मग काही नाही. कोणी फुटलं नाही. बिल पास झालं. सरांनी पार्टी डिसिप्लिनचे मार्क कापले. तौकीरने मला ग्रुपमधून काढलं. तीन वर्षं आम्ही एका बसने जातो, आज तो पुढे जाऊन बसला." तिने ताट लोटलं. "मला वाटलं होतं, बोलल्यावर बरं वाटेल. नाही वाटत."

"पप्पांनी पण आज एकट्यांनी विरोध केला," संघप्रिया तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "सगळे एकीकडे, आणि हे एकटे."

मृणालीने मान वर केली. त्या पोरीचा चेहरा असा उजळला की रुपेशला उठून आत जावंसं वाटलं.

"काय बोललात तुम्ही?"

"बोललो नाही. हात वर केला."

"ओके," मृणाली म्हणाली. आणि थोड्या वेळाने पुन्हा, हळू, "ओके." मग ती उठून हात धुवायला गेली.

दोनच दिवसांनी, शुक्रवारी सकाळी बेल वाजली. दारात लहूकाका उभे होते, घामाघूम, आणि त्यांच्यापेक्षा रुंद असं काहीतरी चादरीत गुंडाळून त्यांनी पोटाशी धरलं होतं. लिफ्टमध्ये ते आडवं मावत नव्हतं, म्हणून उभं धरून आणलं म्हणाले. रुपेशने ते हातात घ्यायच्या आधीच ओळखलं.

"काका, हे कशाला?"

"आधी पाणी तर दे, लेकरा."

संघप्रियाने पाणी दिलं, चहा टाकला. काकांनी चादर सोडली आणि चक्र सोफ्याला टेकवून ठेवलं. प्लायवूडच्या कडा झिजल्या होत्या, पण बल्ब सगळे नवे दिसत होते.

"कालच बशिवले," काका म्हणाले. "मी तर जूनमदी चाललो. हे विमानात कुठं नेऊ? मंडळाला देणार व्हतो, पण आता मंडळाला कामून देऊ? रातभर इचार केला. मग म्हणलं, एक हात तर वर झाला. एवढ्या माणसांत एक. ज्याचा हात त्याच्याच घरी ऱ्हाऊ दे."

रुपेश उभाच होता. बसायचं त्याला सुचलं नाही.

"काका, मी काही एवढं..."

"गप. मला म्हाईत हाये तुझ्यावर किती दाब आसंल. अनिरुद्धच्या हापिसात बायको, त्याच्या हाताखाली तू. तरी केलास. तुझ्या बापाला मी फोन करून सांगणार हाये."

संघप्रियाने पदराने डोळे पुसले. मृणाली आतल्या खोलीच्या दारात येऊन उभी होती. ती चक्राकडे बघत होती, मग बापाकडे. तिचा आवाज चढला नाही. इंग्रजीतच, साध्या चौकशीच्या सुरात, तिने विचारलं,

"पप्पा, डिड दे रिलीज यू?"

संघप्रियाचा पदर डोळ्यांपाशीच थांबला. रुपेशने मुलीकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. तिला फक्त 'नाही' ऐकायचं होतं, आणि ते त्याला दिसत होतं.

"काय म्हणते पोरगी?" काकांनी हसून विचारलं. "आपल्याला नाही समजत हे फाडफाड."

आता सांगितलं तर संपलं, आणि नाही सांगितलं तर ते निळं चक्र रोज डोळ्यांसमोर. रुपेशने आयुष्यात पहिल्यांदाच असं काही भाषांतर करायला घेतलं की ज्यात कोणाचंच मन राखता येणार नव्हतं.

"ती विचारते काका," तो म्हणाला, "की मला परवानगी होती का म्हणून."

"कसली परवानगी?"

"विरोधात हात वर करायची. होती. अनिरुद्धने फोन करून दिली होती. हात वर कर म्हणाला, फक्त बोलू नकोस. मी बोललो असतो तर सोनकांबळे बंधू तुमच्या बाजूने आले असते. ते माझ्याकडे बघत होते. मी बघितलं ते बघताहेत, आणि मी बोललो नाही."

स्वयंपाकघरात चहा उतू गेला. संघप्रिया धावली. जळक्या दुधाचा वास घरभर झाला.

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता. थकलेला होता, आणि ते रुपेशला जास्त लागलं.

"आसं व्हय," ते म्हणाले. मग चक्राकडे बघत, "सोनकांबळे यायलं व्हतं माझ्याकडं?"

"थोरल्याचा हात अर्धा वर आला होता."

"मला दिसला नाही. मी तुझ्याकडंच बघत व्हतो."

संघप्रियाने उरलेल्या चहाचे कप आणून ठेवले. काकांनी कप उचलला, बशीत ओतला, नेहमीसारखा फुंकून प्यायला. पिऊन झाल्यावर ते वाकले आणि खाली पडलेली चादर उचलू लागले. ती कशासाठी उचलत होते, घडी घालायला की चक्र गुंडाळायला, हे त्यांना स्वतःलाही ठरवता येत नसावं, कारण चादर हातात घेऊन ते तसेच उभे राहिले.

रुपेश पुढे झाला. त्याने चक्र सोफ्यावरून उचललं, काकांच्या हातातली चादर घेतली आणि तो ते नीट गुंडाळायला लागला. बल्बना धक्का लागू नये म्हणून कडा आत दुमडल्या.

"हे आत्ता नको, काका," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "पुढच्या शुक्रवारी जनरल बॉडी आहे. तिथे मी बोललो, तर द्या."

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. "आन् नाही बोललास तर?"

रुपेशने गाठ मारली. ती ओढून बघितली. मृणाली दारातून हलली, पुढे आली, आणि चक्राची एक बाजू तिने उचलून धरली.

"चला काका," ती मराठीत म्हणाली, "लिफ्टमध्ये उभं धरावं लागेल ना."

दोघं चक्र घेऊन बाहेर गेली. रुपेश उघड्या दारात उभा राहून लिफ्ट खाली जाण्याचा आवाज ऐकत होता. आत टेबलावर त्याचा फोन वाजला. संघप्रियाने स्क्रीनवर अनिरुद्धचं नाव वाचलं आणि फोन त्याच्यापुढे धरला. हात मागे घेतला नाही.